चिनी गरोदर स्त्रियांची चिंता मोजायची कशी? प्रश्नावली निवडण्यापासून गुण वाचण्यापर्यंत

गरोदर बाईला ‘काळजी वाटते का?’ असं विचारलं तर जगाच्या पाठीवर कुठंही ‘वाटते की!’ हेच उत्तर येणार. या उत्तरावरून मदतीची गरज कुणाला आहे ते कळत नाही आणि प्रबंधातलं कोष्टकही भरत नाही. काळजी नेमकी कशाची, किती तीव्र, कितव्या आठवड्यातली आणि एरवीच्या काळजीपेक्षा वेगळी आहे का, हे कळायला हवं. चीनमध्ये गेल्या दीड-दोन दशकांत या विषयावर भरपूर काम झालं आहे. मानसशास्त्र, नर्सिंग किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांशी त्याची गाठ दोन ठिकाणी पडते. काहींना प्रबंधासाठी चिनी शोधनिबंध वाचावे लागतात. काही जण एमबीबीएस किंवा पुढच्या शिक्षणासाठी चीनमध्येच असतात आणि एखाद्या प्रकल्पात थेट ओपीडीत जाऊन बसतात. पुढचे टप्पे दोघांनाही चालतील असे लिहिले आहेत.

माझं मत आधीच सांगतो. शेवटी येणारी एकूण बेरीज हा या मोजणीतला सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. बेरजेच्या पोटात काय आहे आणि ती कधी घेतली, यावर सगळा अर्थ अवलंबून असतो.

मोजायचं काय, ते आधी ठरवा

मुळातच चिंताग्रस्त स्वभाव असलेली बाई आणि एरवी शांत असलेली पण बाळंतपणाच्या विचाराने झोप उडालेली बाई, या दोघी वेगळ्या. हुइझिंक आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये पहिलटकरणींचा अभ्यास करून २००४ मध्ये हेच दाखवलं. सर्वसाधारण चिंता आणि नैराश्य यांच्या गुणांवरून गरोदरपणाच्या चिंतेचा थोडाच भाग समजतो, उरलेला भाग स्वतंत्र असतो. त्यांच्या विश्लेषणात तीन धागे वेगळे निघाले: बाळंतपणाची भीती, बाळात व्यंग असेल ही भीती आणि स्वतःच्या शरीराच्या, दिसण्याच्या बदलांची काळजी.

चिनी रुग्णालयांत बराच काळ वापरात असलेली मोजपट्टी म्हणजे झुंग यांची एसएएस (सेल्फ-रेटिंग अँग्झायटी स्केल, बाईने स्वतःच भरायची). तिच्यात २० विधानं असतात. कच्च्या गुणांना १.२५ ने गुणतात आणि चीनमध्ये ५० च्या वर गेलं की चिंता आहे असं धरतात. फुकट मिळते, डॉक्टरांच्या सवयीची आहे, म्हणून ती हातात येते. पण तिच्यातली विधानं गरोदर बाईच्या बाजूने वाचून बघा: छाती धडधडते, चक्कर येते, पोट बिघडतं, वारंवार लघवीला जावं लागतं, नीट झोप लागत नाही. चौतिसाव्या आठवड्यात हे सगळं कुणाला होत नाही? मनाने निवांत असलेली बाईही शरीराच्या तक्रारींवर भरपूर गुण मिळवते. शोधनिबंधात फक्त एसएएस वापरून ‘इतके टक्के गरोदर स्त्रिया चिंताग्रस्त’ असं लिहिलेलं दिसलं, तर तो आकडा चिमटीत धरूनच उचलावा.

तेव्हा आधी कागदावर एक वाक्य लिहा: मला सर्वसाधारण चिंता मोजायची आहे, गरोदरपणाशी निगडित चिंता मोजायची आहे, की फक्त बाळंतपणाची भीती? तिन्हींची हत्यारं वेगळी आहेत.

प्रश्नावली निवडणं

गरोदरपणाशी निगडित चिंतेसाठी चीनमध्येच तयार झालेली एक प्रश्नावली आहे. आन्ह्वी वैद्यकीय विद्यापीठातल्या श्याओ लीमिन, थाओ फांगब्याओ आणि सहकाऱ्यांनी ती तयार करून २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. १३ विधानं आणि प्रत्येकाला १ ते ४ गुण, म्हणजे एकूण १३ ते ५२. तिचेही तीनच घटक आहेत: स्वतःबद्दलची काळजी, गर्भाच्या प्रकृतीची काळजी आणि बाळंतपणाची काळजी. यांगत्सी नदीकाठच्या मा-आनशान शहरात २०१३-१४ मध्ये ३,४७४ गरोदर स्त्रियांना घेऊन जो जन्म-समूह अभ्यास (आई-बाळांचा पुढे पाठपुरावा करणारा) सुरू झाला, त्यात हीच वापरली गेली. अभ्यास मुख्य भूमीवर आणि मँडरिन बोलणाऱ्या स्त्रियांमध्ये असेल, तर मी पहिली पसंती हिला देईन. माणसं तिथली, भाषा तिथली, आणि तुलनेला आधीचे आकडेही आयते मिळतात.

निकाल युरोपातल्या किंवा इतर देशांतल्या अभ्यासांशी ताडून बघायचे असतील तर पीआरएक्यू-आर२ घ्यावी, म्हणजे वर आलेल्या हुइझिंक यांच्या तीन धाग्यांची डच प्रश्नावली. १० विधानं, प्रत्येकी १ ते ५ गुण. त्यांपैकी ३ बाळंतपणाच्या भीतीची, ४ बाळातल्या व्यंगाच्या भीतीची, ३ दिसण्याच्या काळजीची. या प्रश्नावलीच्या आधीच्या आवृत्तीत ‘मला बाळंतपणाचा अनुभव नाही म्हणून भीती वाटते’ अशा अर्थाचं विधान होतं. दुसऱ्या खेपेच्या बाईने त्यावर काय उत्तर द्यायचं? २०१६ च्या आर२ आवृत्तीत ही अडचण काढली. योगायोग असा की चीनमध्ये दोन अपत्यांचं धोरण लागू झालं ते १ जानेवारी २०१६ लाच. त्याआधी चिनी नमुन्यांत पहिलटकरणींचाच भरणा असायचा. नंतर पस्तिशीच्या पुढच्या, पहिलं सिझेरियन झालेल्या आणि दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. २०२१ मध्ये तिसऱ्या मुलालाही परवानगी मिळाली. जुनी आवृत्ती आजच्या चिनी ओपीडीत नेऊ नका.

फक्त बाळंतपणाची भीती मोजायची असेल तर विज्मा यांची ३३ विधानांची डब्ल्यू-डीईक्यू आहे. तिच्यात ० ते १६५ गुण असतात आणि ८५ व त्यापुढे तीव्र भीती मानतात. लांबलचक आहे, ओपीडीच्या रांगेत बाई कंटाळते.

मुख्य प्रश्नावलीच्या जोडीला एक छोटी सर्वसाधारण मोजपट्टी हवीच, नाहीतर ‘ही चिंता वेगळी आहे’ हे सिद्ध कसं करणार? जीएडी-७ पुरते. ७ प्रश्न, ० ते २१ गुण, शरीराच्या तक्रारींचा फारसा पसारा नाही. नैराश्यही बघायचं असेल तर ईपीडीएस (एडिनबरोची दहा प्रश्नांची नैराश्याची मोजपट्टी) घ्या. तिचे ३, ४ आणि ५ क्रमांकाचे प्रश्न चिंतेचे आहेत, त्यांची वेगळी बेरीज करता येते. हक्क आणि परवानगीचा ईमेल मूळ लेखकांना पहिल्याच आठवड्यात पाठवा, उत्तराला वेळ लागतो.

भाषा आणि संस्कृती: इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं

‘चिनी आवृत्ती’ एवढंच लिहून भागत नाही. मुख्य भूमीवर सोपी लिपी चालते, हाँगकाँग आणि तैवानमध्ये पारंपरिक. हाँगकाँगमध्ये बोलणं कँटोनीज. ईपीडीएसची चिनी आवृत्ती १९९८ मध्ये हाँगकाँगमध्ये तपासली गेली आणि तिथं ९/१० ही सीमारेषा (१० पासून पुढे नैराश्याची शक्यता) योग्य ठरली, तर मूळ ब्रिटिश आवृत्तीत १२/१३ वापरतात. शिनज्यांगमधली उइघुर बाई किंवा तिबेटी बाई मँडरिन प्रश्नावली भरेलही, पण ती तिच्या मनातली भाषा नाही. कोणत्या स्त्रियांसाठी कोणती आवृत्ती, हे कार्यपद्धतीच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

तयार आवृत्ती नसेल तर रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, त्यातला एक जण विषयातला आणि एक बाहेरचा. दोन्हींचं एक करायचं. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर करून घ्यायचं. मग प्रसूतितज्ज्ञ, सुईण, मानसोपचारतज्ज्ञ, भाषातज्ज्ञ आणि प्रश्नावलीशास्त्र जाणणारा अशा मंडळींनी बसून शब्द न् शब्द तपासायचा. शेवटी ३० ते ४० गरोदर स्त्रियांवर चाचणी घ्यायची.

या ३०-४० जणींकडून फॉर्म भरून घेऊन निघून जाऊ नका, एकेकीशी बोला. समजा, विधान आहे: ‘कळा देताना माझा स्वतःवरचा ताबा सुटेल आणि मी किंचाळेन, अशी मला काळजी वाटते.’ तिने ४ गुण दिले. आता विचारायचं, ‘हे वाचल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं?’ एक म्हणेल, वेदना. दुसरी म्हणेल, शेजारच्या खाटेवरच्या बायका ऐकतील. तिसरी म्हणेल, सुईण ओरडेल. चौथी म्हणेल, ओरडण्यात शक्ती गेली तर बाळाला ढकलायला ती उरणार नाही. चौघींचे गुण सारखे आणि भीती चार तऱ्हेच्या. अशी फाटाफूट दिसली की विधानाची शब्दरचना बदलायची, पण मनाने नाही, समितीसमोर ठेवून. आणि काय बदललं, का बदललं, ते एका कोष्टकात नोंदवायचं.

बाळ मृत जन्माला येईल का, बाळात व्यंग असेल का, अशी विधानं आणखी नाजूक. गरोदरपणी अभद्र बोलू नये ही समजूत आपल्याकडे जशी आहे तशीच चीनमध्येही आहे. त्याला जोड ‘थायज्याओ’ची, म्हणजे गर्भसंस्काराची. आईच्या मनःस्थितीचा ठसा पोटातल्या बाळावर उमटतो ही जुनी कल्पना आजच्या शहरी चिनी जोडप्यांतही टिकून आहे. ‘मी घाबरलेय’ असं कबूल करणं म्हणजे बाळाचं नुकसान करतेय असं मानणं, असा तिथं पेच होतो. मग गुण खाली येतात आणि संशोधक लिहितो, चिंता कमी आहे! यावर उपाय साधे आहेत. सुरुवातीच्या सूचनेत ‘अशा काळज्या बहुतेक गरोदर स्त्रियांच्या मनात येऊन जातात’ असं एक वाक्य टाका. ही विधानं अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी ठेवू नका. फॉर्म संपताना बाईच्या मनात मृत बाळाचं वाक्य घोळत राहता कामा नये.

पर्याय किती द्यायचे यालाही महत्त्व आहे. १९९५ च्या एका तुलनेत चिनी आणि जपानी विद्यार्थी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा मधला पर्याय जास्त निवडताना दिसले. पाच पर्यायांच्या पीआरएक्यूत ‘मधोमध’ बसायला जागा आहे, चार पर्यायांच्या आन्ह्वी प्रश्नावलीत नाही. पाच पर्याय वापरले तर मधल्या रकान्याचं प्रमाण वेगळं तपासा.

आता डच प्रश्नावलीत जे नाहीच त्याबद्दल. बाळंतपणानंतर चिनी बाई साधारण महिनाभर घरात ‘बसते’. गार पाणी नाही, वारा नाही, खाण्यापिण्याचे कडक नियम. आपल्या सव्वा महिन्याशी बरंच जुळणारं. हा महिना सासूकडे काढायचा की आईकडे, की पैसे भरून खास केंद्रात, यावरून घराघरांत ताण असतो. बाळ मुलगा की मुलगी, हीही काळजी असते. वैद्यकीय कारणाशिवाय लिंगनिदान चीनमध्ये बंद आहे, आणि २०२० च्या जनगणनेत जन्मावेळचं प्रमाण १०० मुलींमागे १११.३ मुलगे असं होतं. गोव्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाळंतिणींच्या नैराश्याच्या अभ्यासातही मुलगी होण्याचा आणि आईच्या मनःस्थितीचा संबंध दिसला होता, तेव्हा हा मुद्दा मराठी वाचकाला उलगडून सांगायला नको. हे प्रश्न विचारावेत, पण वेगळ्या पानावर. तपासलेल्या प्रश्नावलीत दोन विधानं घुसडली की ती तपासलेली राहत नाही आणि तिची सीमारेषाही लागू होत नाही.

भाषांतर पक्कं झालं की सहा ते दहा तज्ज्ञांकडून प्रत्येक विधान कितपत समर्पक आहे याला १ ते ४ गुण मागा. ३ किंवा ४ देणाऱ्यांचं प्रमाण विधानागणिक ०.७८ च्या वर आणि सगळ्या विधानांची सरासरी ०.९० च्या वर हवी. आठांपैकी सात जण ‘हो’ म्हणाले तर ०.८८, चाललं. सहाच म्हणाले तर ०.७५, ते विधान परत समितीकडे.

मोजण्याआधी मदतीची सोय

हा टप्पा बहुतेक लेखांत शेवटच्या ओळीत येतो. तो पहिल्या फॉर्मच्या आधी पुरा व्हायला हवा. ईपीडीएसचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी कोण भेटणार, त्याचं नाव, पद आणि फोन नंबर ठरलेला हवा. ऑनलाइन फॉर्म असेल तर उत्तरं रोज कोण बघणार? महिनाअखेर डेटा उतरवताना दहावा प्रश्न पहिल्यांदा वाचला जाणार असेल तर तो विचारूच नका. २०२० मध्ये चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने नैराश्याची तपासणी गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत आणण्याची योजना काढली, त्यामुळे अनेक माता-बाल रुग्णालयांत संदर्भसेवेची काहीतरी वाट असते. ती आधी पायाखालून घाला. १२३५६ हा मानसिक आरोग्याचा देशव्यापी फोन क्रमांकही संमतीपत्रावर छापा.

कायद्याची बाजू: १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याची माहिती संवेदनशील गटात येते आणि तिच्यासाठी वेगळी संमती लागते. डेटा भारतात आणून विश्लेषण करायचा बेत असेल तर परदेशी पाठवण्याची संमती पुन्हा वेगळी. लॅपटॉपमध्ये घालून विमानात बसायचं, असं चालत नाही. तिथल्या मार्गदर्शकांना आणि एथिक्स कमिटीला आधी विचारा.

कधी, कुठे आणि कोण जवळ असताना

चिनी गरोदर बाईचं वेळापत्रक बऱ्यापैकी बांधलेलं असतं. पहिल्या तिमाहीच्या आसपास रुग्णालयात नावनोंदणी होऊन तिची फाइल उघडते. मोठ्या शहरांतल्या नामांकित रुग्णालयांत ही नोंदणी मिळवणं हीच एक चिंता. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या मानेमागची जाडी पाहणारी सोनोग्राफी. साधारण १५ ते २० मध्ये डाउन सिंड्रोमची रक्ततपासणी. २० ते २४ मध्ये व्यंग शोधणारी मोठी सोनोग्राफी. २४ ते २८ मध्ये मधुमेहाची तपासणी.

मोठ्या सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी ‘बाळात व्यंग असेल का’ हे विधान दाखवलंत तर गुण वर जाणारच, आणि ‘सगळं ठीक आहे’ असा अहवाल हातात आल्यावर दाखवलंत तर खाली. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण एकाच रकान्यात मिसळली की सरासरीला अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येक फॉर्मवर चार नोंदी हव्यात: पूर्ण झालेले आठवडे (पाळीवरून की सोनोग्राफीवरून तेही), तारीख, शेवटची तपासणी कोणती, आणि तिचा निकाल कळला आहे का. जमलं तर एकाच स्त्रीला प्रत्येक तिमाहीत एकदा गाठा. एकदाच गाठायचं असेल तर सगळ्यांना एकाच टप्प्यावर.

तारखेचं महत्त्व कोविडने दाखवलं. दहा प्रांतांतल्या २५ रुग्णालयांत आधीपासून चाललेल्या एका अभ्यासात ४,१२४ गरोदर स्त्रिया होत्या. विषाणू माणसाकडून माणसाकडे पसरतो हे २० जानेवारी २०२० ला जाहीर झालं. त्यानंतर तपासलेल्या स्त्रियांत ईपीडीएसनुसार नैराश्याची लक्षणं २९.६ टक्के, आधी तपासलेल्यांत २६ टक्के. फॉर्मवर तारीख होती म्हणून ही तुलना जमली.

जागेबद्दल. मधुमेहाच्या तपासणीत बाई उपाशी येते, रक्त देते, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिते आणि एक तासाने व दोन तासांनी पुन्हा रक्त देते. मधले दोन तास ती बाकावर बसून असते, मोबाइल हातात. क्यूआर कोड दाखवून वीचॅट या चिनी मेसेजिंग ॲपवर फॉर्म भरून घ्यायला यापेक्षा सोयीची वेळ नाही, आणि संशोधकांना मोह होतो तो याचमुळे. पण त्या वेळी तिला मळमळत असतं, भूक लागलेली असते, हातावर सुईच्या टोचण्या असतात. शेजारी बहुधा नवरा किंवा सासू थर्मास घेऊन बसलेली. ‘घरच्यांना मुलगाच हवाय याचा ताण येतो’ या प्रश्नाला सासूच्या खांद्याआडून काय उत्तर येणार, ते सांगायला नको. हीच वेळ साधायची असेल तर ग्लुकोज पिण्याआधी किंवा शेवटचं रक्त देऊन काही खाल्ल्यावर, आणि वेगळ्या खोलीत. ‘सोबत कोण होतं?’ हा रकानाही फॉर्मवर असू द्या, विश्लेषणात कामी येतो. गरोदर स्त्रियांसाठी रुग्णालयातच चालणारे वर्ग ही दुसरी चांगली जागा. मात्र तिथं येणाऱ्या मुळातच जास्त शिकलेल्या आणि जास्त सावध असतात.

ऑनलाइन फॉर्मसाठी चीनमध्ये ‘वेन्ज्वानशिंग’ हे संकेतस्थळ सर्रास वापरतात. प्रत्येक प्रश्न सक्तीचा केला की रिकामी उत्तरं येत नाहीत, पण कंटाळून एकाच रकान्यात खाली खाली टिचक्या मारलेले फॉर्म येतात. भरायला लागलेला वेळ तपासा, आणि किती सेकंदांखालचे फॉर्म बाद करायचे ते डेटा बघण्याआधीच ठरवा.

प्रश्नावली तुमच्या नमुन्यात चालते का?

आधी कुणीतरी तपासली आहे म्हणून सुटका नाही. विधानामागे दहा स्त्रिया या हिशेबाने १३ विधानांना १३०, त्यावर रचनेची खातरजमा करायला वेगळ्या निदान २००, शिवाय गळती. थोडक्यात ४०० ते ५०० स्त्रिया हाताशी हव्यात. विधानांचे गट शोधणारं शोधक घटक विश्लेषण आणि ते गट टिकतात का हे पाहणारं खातरजमेचं विश्लेषण एकाच डेटावर करायची खोड फार पसरली आहे. नमुना आधीच दोन भागांत तोडा. चार पर्यायांची उत्तरं क्रमवाचक असतात (कमी-जास्त कळतं, पण पायऱ्यांमधलं अंतर सारखं धरता येत नाही), सॉफ्टवेअरमध्ये त्यांना साजेशी पद्धत निवडा. रचना डेटाशी किती जुळते ते सांगणाऱ्या आकड्यांपैकी सीएफआय ०.९५ च्या आसपास आणि आरएमएसईए ०.०६ च्या आसपास असेल तर रचना बसली असं म्हणता येतं.

क्रोनबाख अल्फा, म्हणजे एका घटकातली विधानं आपसांत किती जुळतात याचा आकडा, प्रत्येक घटकाचा वेगळा द्या. त्याच स्त्रीला पुन्हा फॉर्म देऊन गुण टिकतात का हे पाहणाऱ्या पुनर्चाचणीसाठी दोन आठवडे हा नेहमीचा संकेत इथे जपून वापरा, कारण मधे सोनोग्राफी झाली तर चिंता खरोखरच बदललेली असते आणि दोष प्रश्नावलीवर जातो. सात ते दहा दिवस आणि मधे एकही तपासणी नाही, हे बरं.

जीएडी-७ शी सहसंबंध मध्यम यायला हवा. ०.८ च्या पुढे गेला तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा मोजली. आधी गर्भपात झालेल्यांचे बाळाच्या घटकावर आणि पहिलटकरणींचे बाळंतपणाच्या घटकावर गुण जास्त यावेत, अशी अपेक्षा आधीच लिहून ठेवा आणि मग बघा.

एक चाचणी बरेच जण गाळतात. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या स्त्रिया विधानांचा अर्थ सारखाच लावतात का? रचना दोन्ही गटांत बसवून, दोघांचे आकडे सारखेच धरायची बंधनं वाढवत नेऊन सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त घसरत नाही ना, हे तपासायचं. घसरला तर दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करायला जागाच नाही. एक अपत्य धोरणाच्या काळातले आकडे आजच्या आकड्यांशी ताडणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

गुण वाचताना

आन्ह्वी प्रश्नावलीत सगळ्यात कमी गुण १३ असतात, शून्य नाही. २४ आणि त्यापुढे चिंतेचा गट, अशी विभागणी चिनी अभ्यासांत रूढ आहे. हे निदान नाही, गाळणी आहे. पीआरएक्यू-आर२ ला सर्वमान्य सीमारेषा नाही, तेव्हा तिथे ‘इतके टक्के चिंताग्रस्त’ असं लिहायच्या फंदात न पडता गुणांचं वितरण द्यावं.

दोन कल्पित स्त्रिया घेऊ, दोघींनाही पीआरएक्यू-आर२ वर २६ गुण. पहिलीला बाळंतपणाच्या भीतीवर १५ पैकी १३, बाळाच्या काळजीवर २० पैकी ८, दिसण्यावर १५ पैकी ५. दुसरीला अनुक्रमे ५, १७ आणि ४. अहवालात फक्त २६ लिहिलं तर दोघी एकच.

पहिलीला कळांची भीती आहे. तिला प्रसूतिकक्ष आधी दाखवता येतो, सुईणीशी गाठ घालून देता येते, आणि त्या रुग्णालयात वेदनाशमनाची सोय आहे का ते स्पष्ट सांगता येतं. २०१८ च्या अखेरीस चीनने वेदनारहित प्रसूतीचा प्रायोगिक कार्यक्रम जाहीर केला आणि पुढच्या वर्षी त्यात ९१३ रुग्णालयं निवडली. तुमचं रुग्णालय त्या यादीत असणं-नसणं हासुद्धा विश्लेषणातला एक रकाना होऊ शकतो. तिने सिझेरियन ठरवून टाकलं आहे का, हेही विचारलेलं हवं. चीनमध्ये सिझेरियनचं प्रमाण २००८ मधल्या २८.८ टक्क्यांवरून २०१४ मध्ये ३४.९ वर गेलं होतं. तारीख ठरलेल्या बाईचे भीतीचे गुण कमी येतात ते भीती नाही म्हणून की टळली म्हणून, हे त्याशिवाय कळणार नाही.

दुसरीला श्वासाचे व्यायाम शिकवून उपयोग नाही. तिचा डाउन सिंड्रोमचा अहवाल ‘धोका मध्यम’ असा आला असेल आणि त्याचा अर्थ कुणी समजावलाच नसेल. तिला अनुवंशशास्त्र जाणणाऱ्या समुपदेशकाची पंधरा मिनिटं लागतात.

निकाल सांगताना तिच्या हातात आकडा ठेवू नका. ‘तुम्हाला २६ मिळाले’ हे ऐकून ती घरी जाऊन मोबाइलवर शोधणार. त्याऐवजी ‘बाळाच्या तब्येतीबद्दल तुमच्या मनात जास्त घोळतंय असं दिसतं, तेवढ्याबद्दल बोलू या का?’ असं विचारा, आणि सोबतच्या माणसाला तेवढा वेळ बाहेर थांबायला सांगा.